पद्योच्चार आणि नटाची जडणघडण : इंग्रजी रंगभूमीवरील एक परंपरा

नटाने कविता म्हणावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता नाट्यशिक्षणातील एक किरकोळ प्रश्न वाटतो. आवाज कमावण्यासाठी, उच्चार शुद्ध व्हावेत यासाठी, श्वासावर ताबा यावा यासाठी जे अनेक व्यायाम सांगितले जातात, त्यांपैकी काव्यपठण हा एक, असे त्याचे स्थान सामान्यतः मानले जाते. इंग्रजी रंगभूमीचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा इतिहास मात्र वेगळे काही सांगतो. तेथे पद्योच्चाराविषयीचा प्रत्येक वाद हा अंतिमतः नटाच्या दृष्टीने भाषा म्हणजे काय, याविषयीचा वाद होता. भाषा हे भावनेवर चढवलेले आभूषण आहे, की भावना जिच्यात प्रथम आकार घेते ती जागाच भाषा आहे? नटाची वाढ कोणत्या दिशेने होणार हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिले.

या इतिहासाची पार्श्वभूमी अठराव्या शतकात आहे. नाटककार शेरिडन यांचे वडील टॉमस शेरिडन हे स्वतः नट होते. एलोक्यूशनवरील त्यांची व्याख्याने १७६२ मध्ये प्रसिद्ध झाली. उच्चारविद्येला शास्त्राचे रूप देण्याच्या या प्रयत्नांतून पुढील शतकात एक ठाशीव पद्धत रूढ झाली. अमुक भावनेला अमुक स्वर, अमुक हावभाव, असे संकेत ठरून गेले. कविता म्हणणे म्हणजे आवाजाचे प्रदर्शन, ही समजूत याच काळातली. म्हणूनच १८८९ मध्ये इब्सेनचे ‘अ डॉल्स हाउस’ लंडनच्या रंगभूमीवर आले आणि गद्याचा, रोजच्या बोलण्याचा नवा प्रभाव सुरू झाला, तेव्हा पद्य हे कृत्रिमतेचे दुसरे नाव ठरू लागले. नव्या नटाला पद्याविषयी संशय वाटू लागला, आणि तो निराधार नव्हता.

या संशयाला दोन दिशांनी उत्तर मिळाले. विल्यम पोएल यांनी १८८१ मध्ये ‘हॅम्लेट’च्या पहिल्या क्वार्टोचा प्रयोग केला आणि पुढे एलिझाबेथन स्टेज सोसायटीची स्थापना केली. शेक्सपिअरचे पद्य ठासून न म्हणता, वाक्यातील कळीचे शब्द हेरून ते वेगाने बोलले जावे, असा त्यांचा आग्रह होता. दुसरी दिशा येट्स यांची. फ्लॉरेन्स फार या अभिनेत्रीने १८९१ मध्ये इब्सेनच्या ‘रोस्मर्सहोल्म’मध्ये रेबेकाची भूमिका केली होती, तीच पुढे आर्नल्ड डोल्मेच यांनी घडवलेल्या सॉल्टरी या तंतुवाद्याच्या साथीने येट्स यांच्या कविता म्हणू लागली. या प्रयोगांविषयी येट्स यांनी १९०२ मध्ये लिहिले. नटांना पिंपात उभे करून तालीम घ्यावी, म्हणजे त्यांना हातवाऱ्यांचा विसर पडेल आणि काही काळ तरी त्यांचे मन बोलण्याकडे लागेल, अशी त्यांची एक सूचना होती. ती विनोदी वाटली तरी तिच्यातील विचार गंभीर आहे. नटाच्या हाती असलेली बाकीची सर्व साधने काढून घेतली, तर त्याच्यापाशी काय उरते, हे पाहण्याची ती इच्छा होती. मात्र येट्स यांचे उत्तर सुराकडे झुकलेले होते. त्यात नट हा कवीचे वाद्य होण्याचा धोका होता.

हा धोका ओळखून पद्योच्चाराला शिक्षणक्रमाचे रूप देण्याचे श्रेय एल्सी फोगर्टी यांच्याकडे जाते. १९०६ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी सेंट्रल स्कूल ही नाट्यशिक्षणसंस्था सुरू केली. १९२३ मध्ये इंग्रजी पद्याच्या उच्चारणावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जॉन मेसफील्ड यांनी ऑक्सफर्ड येथे काव्यपठणाच्या स्पर्धा सुरू केल्या. फोगर्टी यांच्या कार्याची खरी कसोटी लागली ती १९३५ मध्ये. कँटरबरी येथे इलियट यांच्या ‘मर्डर इन द कॅथीड्रल’चा पहिला प्रयोग ई. मार्टिन ब्राउन यांनी बसवला, तेव्हा कँटरबरीच्या स्त्रियांच्या वृंदात फोगर्टी यांच्या विद्यार्थिनी होत्या. वृंदाची पदे सर्वांनी एका सुरात म्हणण्याऐवजी त्यांतील ओळी वेगवेगळ्या आवाजांत आणि लहान गटांत वाटून दिल्या गेल्या. या योजनेचा अन्वयार्थ महत्त्वाचा आहे. समूहाचा एकजीव घोष हे पठणाचे परमोच्च रूप, ही कल्पना येथे मागे पडली. कवितेची एक ओळ वाट्याला आलेल्या मुलीला ती कोण बोलते आहे, कोणाच्या ओळीनंतर बोलते आहे आणि कशाला भिते आहे, हे ठरवणे भाग पडले. पठणातून भूमिकेकडे जाणारी वाट अशी खुली झाली.

परंतु शिक्षणाने प्रश्न सुटत नाहीत, हेही त्याच वर्षी दिसले. गिलगुड यांनी लंडनमध्ये बसवलेल्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये ते स्वतः आणि लॉरेन्स ऑलिव्हिए रोमिओ व मर्क्युशिओ या भूमिका आलटूनपालटून करीत, ज्युलिएट होती पेगी अॅशक्रॉफ्ट. ऑलिव्हिए आणि अॅशक्रॉफ्ट हे दोघेही फोगर्टी यांचे विद्यार्थी. तरीही अॅशक्रॉफ्टची ज्युलिएट वाखाणली गेली, तर ऑलिव्हिए यांच्या पद्योच्चारावर समीक्षकांनी कडक टीका केली. गिलगुड यांचा भर पद्याच्या संगीतावर, तर ऑलिव्हिए यांचा भर व्यक्तीच्या खरेपणावर, अशी या वादाची मांडणी नेहमी केली जाते. ती सोयीची असली तरी अपुरी आहे. संगीत आणि खरेपणा ही दोन टोके आहेत, हे गृहीतच मुळी एलोक्यूशनच्या काळाचा वारसा होता. पद्याचा आकार हाच विचाराचा आकार असेल, तर निवड करण्याची वेळ येऊ नये.

हे गृहीत मोडून काढण्याचे काम पुढच्या पिढीने केले, आणि त्यासाठी ती नाटकाकडून पुन्हा कवितेकडेच वळली. केंब्रिजमध्ये मार्लो सोसायटीच्या प्रयोगांतून जॉर्ज रायलंड्स यांनी पद्योच्चाराची शिस्त रुजवली होती. त्यांनी १९३९ मध्ये सिद्ध केलेल्या शेक्सपिअरच्या वेच्यांवरूनच गिलगुड यांनी १९५० नंतरच्या दशकात ‘एजेस ऑफ मॅन’ हा एकपात्री पठणाचा कार्यक्रम उभा केला. केंब्रिजच्याच वातावरणातून आलेल्या पीटर हॉल यांनी १९६० मध्ये स्ट्रॅटफर्डची सूत्रे हाती घेतली. त्यांच्यासमवेत जॉन बार्टन आले. पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनी म्हणून ओळखल्या गेलेल्या या नटसंचात बार्टन यांनी शेक्सपिअरच्या सुनीतांचा अभ्यास नटांकडून करवून घेतला.

सुनीतच का, हे पाहण्यासारखे आहे. सुनीतात चौदा ओळी असतात. कथानक नसते, पोशाख नसतो, पात्राचा पूर्वेतिहास नसतो. मानसशास्त्रीय अभिनयपद्धतीत वाढलेला नट एखाद्या ओळीचा अर्थ लावताना पात्राच्या भूतकाळाचा आधार घेतो. सुनीत तो आधार नाकारते. कोण, कोणाशी, आताच का बोलतो आहे, याची उत्तरे केवळ शब्दांच्या मांडणीतून काढावी लागतात. ओळ संपते तेथे वाक्य संपत नाही. वाक्य संपते तेथे विचार संपतोच असे नाही. या ताणातून नट एक गोष्ट शिकतो. विचार आधी पूर्ण होऊन मग बोलला जात नाही, तो बोलता बोलताच घडत जातो. ही जाणीव घेऊन तो भूमिकेकडे परततो, तेव्हा त्याचे स्वगत पाठ केलेले न वाटता त्या क्षणी सुचलेले वाटते. बार्टन यांची ही पद्धत १९८४ मध्ये दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या आणि ग्रंथाच्या रूपाने व्यापक वर्तुळात पोहोचली.

सिसिली बेरी यांनी या परंपरेला शरीर दिले. सेंट्रल स्कूलमध्ये अध्यापन केल्यानंतर १९६९ मध्ये त्या रॉयल शेक्सपिअर कंपनीत आल्या. १९७३ मध्ये त्यांचे ‘व्हॉइस अँड द अॅक्टर’ प्रसिद्ध झाले. संहिता बोलत चालायचे आणि प्रत्येक विरामचिन्हापाशी दिशा बदलायची, असा त्यांचा एक साधा व्यायाम आहे. तो करताना एखाद्या भाषणातील अस्वस्थता नटाला समजावून सांगावी लागत नाही. ती त्याच्या पायांना कळते. ‘सुंदर आवाज’ हे ध्येय येथे मागे पडले. शब्द उच्चारण्याची गरज नटाला आतून वाटली पाहिजे, हे ध्येय पुढे आले.

या इतिहासात एक विरोधाभास आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचा सूर कृत्रिम ठरवला आणि काही काळाने तिचाही स्वतःचा सूर बनला. पोएल यांचा वेग, येट्स यांचा नाद, गिलगुड यांचे संगीत हे सारे आपापल्या काळी मोकळीक देणारे होते आणि पुढे अनुकरणाचा साचा ठरले. तेव्हा काव्यपठणाने नट घडतो, हे विधान बिनशर्त करता येत नाही. कविता ऐकवण्यासाठी म्हटली गेली तर नट आवाजाच्या प्रेमात पडतो. कविता शोधण्यासाठी म्हटली गेली तरच त्याची वाढ होते.

मराठी वाचकाला १९२३ या वर्षाचा आणखी एक संदर्भ आठवल्याशिवाय राहणार नाही. त्याच वर्षी पुण्यात रविकिरण मंडळाची स्थापना झाली आणि यशवंत, गिरीश प्रभृतींच्या काव्यगायनाने कविता श्रोत्यांपर्यंत पोहोचली. फरक असा, की येथे कविता गाणारा कवी होता, नट नव्हता; आणि संगीत नाटकातील नटाला पद्य मिळत होते ते पदाच्या रूपाने, चालीत बांधलेले. गाण्याची चाल संगीतकाराने ठरवलेली असते; बोलण्याची चाल मात्र नटाला वाक्यातून स्वतः शोधावी लागते. संगीत नाटकाचा बहर ओसरल्यावर मराठी नट गद्याकडे आला, तो या शोधाचा टप्पा बव्हंशी वगळून. मराठी अभिनयाच्या इतिहासाची मांडणी करताना या वगळलेल्या टप्प्याचा विचार व्हायला हवा. मुक्तच्छंदात आणि बोलभाषेच्या लयीत लिहिली गेलेली विपुल कविता मराठीत आहे. तिच्याकडे रंगभूमीने अद्याप मुख्यतः कार्यक्रमाचे साहित्य म्हणून पाहिले आहे. नटाच्या घडणीचे साधन म्हणून तिच्याकडे पाहणे शिल्लक आहे.