‘टूडू’ नावाची फाइल

सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींना फाइलींच्या प्रती जुळवणारं आरसिंक रोज लागतं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते 1996 साली कॅनबेरात जाहीर केलं. दोन्हीकडच्या फाइलींतला बदललेला तेवढाच भाग पाठवायचा, ही त्यातली अस्सल कल्पना.

पण मला ओढ आहे ती त्याच्या सोर्स कोडसोबत मिळणाऱ्या ‘टूडू’ या साध्या फाइलीची. पुढे काय करायचं आणि काय खटकतंय, हे सगळं तिच्यात एकाखाली एक लिहिलेलं असे. त्यातली एक नोंद मला फार मोलाची वाटते: एका वेळी एकाच डिरेक्टरीत शिरावं; ट्रिजेल म्हणतात, हे शक्य आहे. त्या काळी आरसिंक कामाला लागण्याआधी सगळ्या फाइलींची यादी मेमरीत भरून घेई. एका फाइलीला साधारण 100 बाइट, म्हणजे 8 लाख फाइलींना 80 एमबी. जुन्या मशीनचा त्यात जीव जाई. अखेर 2008 मध्ये 3.0.0 आवृत्तीत वेन डेव्हिसन यांनी यादी टप्प्याटप्प्याने करण्याची सोय आणली.

आरसिंकच्या तक्रारींची नोंद ट्रिजेल यांच्याच सांबा प्रकल्पाच्या बगझिला या ट्रॅकरवर होई. त्याआधी सांबासाठी ट्रिजेल यांनी जिटरबग नावाचा स्वतःचाच ट्रॅकर लिहिला होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच तक्रारवहीही बांधावी, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. 2020 पासून आरसिंकच्या तक्रारी गिटहबवर नोंदवल्या जातात.