तळटीप : मोंतायू

१२. मोंतायू : दक्षिण फ्रान्समधील आरिएज जिल्ह्यात, पिरेनीज पर्वतात सुमारे १,३०० मीटर उंचीवर वसलेले खेडे. लेखकाने नुसता नामोल्लेख केला आहे. पण चौदाव्या शतकातल्या एखाद्या खेड्याची इतकी बारीकसारीक माहिती क्वचितच मिळते, म्हणून थोडे विस्ताराने. अडीचशेच्या आसपास वस्तीच्या या मेंढपाळ गावात काथार पंथ रुजला होता. रोमन चर्चच्या लेखी ते पाखंड. १३०८ साली गावातली झाडून सारी मोठी माणसे धरली गेली. पुढे १३१८ ते १३२५ या काळात पामिएचे बिशप जाक फुर्निये यांनी कसून चौकशी केली आणि ऑक्सितान बोलणाऱ्या या लोकांच्या जबान्या लॅटिनमध्ये उतरवून घेतल्या. प्रश्न श्रद्धेचे होते, उत्तरांत मात्र अख्खे गाव आले : सपाट छपरांवर उन्हात बसून एकमेकींच्या उवा काढता काढता गावगप्पा करणाऱ्या बायका, कळप घेऊन पार कातालोनियापर्यंत जाणारा प्येर मोरी, स्वतः काथारांना सामील आणि तरीही चर्चचा खबऱ्या असलेला पाद्री प्येर क्लेर्ग. दोषींपैकी कित्येकांना अंगावरच्या कपड्यांवर पिवळे क्रूस शिवून वावरावे लागे. या जबान्या तुरुंगाच्या धाकाखालच्या आहेत, हे वाचताना क्षणभरही विसरू नये. फुर्निये १३३४ मध्ये पोप बेनेडिक्ट बारावे झाले, आणि हे दप्तर व्हॅटिकनच्या ग्रंथालयात राहिले. त्याच्याच आधारे इतिहासकार इमान्युएल ल र्‍वा लादुरी यांनी १९७५ मध्ये ‘मोंतायू’ हा ग्रंथ लिहिला. — संपा.