नगरची सायकल, मोगलाईचा कर

आमचे आजोबा नगरला सायकलींचं दुकान चालवायचे. त्यांच्या जुन्या वहीत काही गिऱ्हाइकांच्या नावापुढे ‘मोगलाई’ असा शेरा आहे. लहानपणी मला वाटे, ही माणसं औरंगजेबाच्या काळातली की काय! पण १ नोव्हेंबर १९५६पर्यंत आपलं नगर मुंबई राज्यात होतं आणि पलीकडचं आष्टी, बीड हैदराबाद राज्यात. सायकल तिकडे धाडायची म्हणजे दुसऱ्या राज्यात धाडायची.

मुंबईचा नवा विक्रीकर कायदा १ नोव्हेंबर १९५२ला लागू झाला. मुंबईतल्या युनायटेड मोटर्स आणि इतर मोटारविक्रेत्यांनी लगेच हायकोर्ट गाठलं. राज्याबाहेरच्या विक्रीवरही हा कायदा हात टाकतो आणि घटनेचं २८६वं कलम त्याला मनाई करतं, ही मुख्य तक्रार. शिवाय उलाढाल ३० हजारांच्या वर गेली की कर, खाली माफी, हा पक्षपात! मुख्य न्यायमूर्ती छागलांनी कायदा रद्द ठरवला. सुप्रीम कोर्टाने ३० मार्च १९५३ला तो पुन्हा उभा केला. लहान दुकानदाराला वगळणं हा भेदभाव नव्हे, असंही सांगितलं. अमेरिकेत इंडियाना राज्याने साखळी दुकानांवर चढता कर बसवला होता. पहिल्या दुकानाला ३ डॉलर, विसाच्या पुढे प्रत्येकी २५. तिथल्या सुप्रीम कोर्टानेही १९३१मध्ये तो पाचास चार मतांनी मान्य केला होता.

खरी पंचाईत वेगळीच झाली. माल वापरण्यासाठी जिथे पोचतो, तिथलं राज्य कर घेऊ शकतं, असा निकाल. म्हणजे बीडला पाठवलेल्या सायकलीचा हिशेब हैदराबादने नगरच्या दुकानदाराकडे मागायचा! उद्या म्हैसूर मागेल, परवा मद्रास. एकटा दुकानदार किती सरकारांच्या पायऱ्या झिजवणार? कलकत्त्याच्या बेंगॉल इम्युनिटी या लसी बनवणाऱ्या कंपनीला बिहारने असंच गाठलं. ती लढली. ६ सप्टेंबर १९५५ला सुप्रीम कोर्टाने चारास तीन मतांनी आपलाच अडीच वर्षांपूर्वीचा निकाल फिरवला. स्वतःची चूक अशी उघड कबूल करायला छाती लागते!

पुढे १९५६ची सहावी घटनादुरुस्ती आणि केंद्रीय विक्रीकर आला. दर १ टक्का, वसुली माल निघतो त्या राज्याची. २०१७च्या जीएसटीने मात्र तो हिस्सा पुन्हा माल पोचतो त्या राज्याला दिला.

केंद्रीय कराची वसुली १ जुलै १९५७ला सुरू झाली. तोवर बीड-आष्टी मुंबई राज्यात आलीही होती. आजोबांच्या वहीत मात्र ‘मोगलाई’चा शेरा त्यानंतरही दोन वर्षं दिसतो.