परभणी जिल्ह्यातील पर्जन्य व जागतिक वातावरणीय अभिसरण

परभणी जिल्ह्यातील शेती मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळातील नैर्ऋत्य मोसमी पावसावर अवलंबून आहे. या पावसातील चढउतार केवळ स्थानिक कारणांनी होत नाहीत. उष्ण कटिबंधीय महासागरांचे तापमान तसेच मध्य अक्षवृत्तांतील हिमाच्छादन व पश्चिमी वारे यांचाही त्यांवर परिणाम होतो.

या संबंधांचा शोध दुष्काळांमुळेच सुरू झाला. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख एच. एफ्. ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये, हिमालयात हिमवृष्टी अधिक झाल्यास पुढील मोसमी पाऊस घटतो, असे प्रतिपादन केले. परंतु १८९९ चे भीषण अवर्षण अंदाजात आले नाही. १९०४ मध्ये खात्याची सूत्रे घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर यांना जगभरच्या नोंदी ताडून पाहताना पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुदाबांत परस्परविरोधी आंदोलन आढळले. १९६९ मध्ये याकॉब ब्यर्कनेस यांनी त्याची सांगड एल निन्योशी घातली : पूर्व पॅसिफिकचे पाणी तापले, की हवेचे ऊर्ध्वगमन पूर्वेकडे सरकते व दक्षिण आशियावर हवा खाली उतरू लागते. त्यामुळे पाऊस रोडावतो.

१९७२ मध्ये याचा प्रत्यय आला. त्या वर्षी देशातील मोसमी पाऊस सु. २४ टक्क्यांनी घटला व मराठवाड्यात तीव्र दुष्काळ पडला. परभणी येथील कृषी विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षी झाली. तथापि १९९७ मध्ये एल निन्यो प्रबळ असूनही देशातील पाऊस सरासरीइतका झाला. पश्चिम हिंदी महासागर पूर्वेपेक्षा अधिक तापल्याचा तो परिणाम मानला जातो. उलट २०१४ मध्ये एल निन्यो पूर्णपणे प्रस्थापित नसतानाही मराठवाड्यात पावसाची मोठी तूट आली. २०१५ मध्ये प्रबळ एल निन्योच्या काळात ही तूट सु. ४० टक्के होती.

उत्तरेकडील प्रभावाचे स्वरूप निराळे आहे. सी. रामस्वामी यांनी १९६२ मध्ये दाखविल्याप्रमाणे पश्चिमी वाऱ्यांतील द्रोणी दक्षिणेकडे उतरल्यास मोसमी द्रोणी हिमालयाच्या पायथ्याशी सरकते व मध्य भारतात पावसाचा खंड पडतो. अशाच द्रोणींतील थंड हवा व समुद्रावरील बाष्प यांच्या संयोगाने फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात गारपीट होऊन रब्बी पिके व फळबागा यांची मोठी हानी झाली.

महासागरांतील बदल मंद असल्याने हंगामाचा कल काही महिने आधी अंदाजता येतो. पश्चिमी वाऱ्यांतील विक्षोभ मात्र थोडेच दिवस आधी कळतात. कोरडवाहू सोयाबीन व कापूस यांची पेरणी आणि उगवण मात्र पावसाच्या खंडावरच अवलंबून असते. म्हणून हंगामाच्या सरासरीचा अंदाज बरोबर ठरूनही दुबार पेरणीची पाळी येऊ शकते.