भज्याची पुडी

परभणीत आमच्या वयाचे चार जण एकत्र बसले की जुन्या हॉटेलांचा विषय निघतोच. काय ते भजे, काय तो करडीच्या तेलाचा वास, काय ती मिठात घोळलेली मिरची! आता तशी चव राहिली नाही, पामतेलानं वाट लावली, म्हणून एकेक जण उसासा टाकतो. (करडीचं रान सोयाबीननं खाल्लं, हे मात्र कुणी बोलत नाही. इथल्याच कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’ नावाचा करडीचा वाण काढला होता.) मीही त्यांच्यात बसतो. मलाही ते भजे आठवतात. पण त्यांना हॉटेलातलं बाकडं आठवतं, मला पायरी आठवते. पायरीच्या खालची जागा.

तरुण दोस्तहो, तुम्ही आज हॉटेलात जाऊन ‘पार्सल द्या’ म्हणता. बसून खायचं का घरी न्यायचं, ही तुमची मर्जी. आमच्या मायबापाला मर्जी नव्हती. बसायलाच मनाई होती, म्हणून त्यांचं सगळं खाणं पार्सलच. या जिल्ह्यात पार्सल पहिल्यांदा कुणी नेलं असं कुणी विचारलं तर मी आमच्या वस्तीकडं बोट दाखवीन.

आमचं गाव पूर्णेच्या अलीकडं. साल 1966 असेल, मी आठ वर्षांचा. माय आठवडी बाजारात सरपणाची मोळी विकायची. मोळी लवकर विकली गेली तर चार आण्याचे भजे. पत्र्याच्या छपराखाली भट्टी, भट्टीवर काळी कढई, आत बाकडी. आम्ही खाली उभे. माय पैसे फळीवर ठेवायची. हॉटेलवाला त्यावर पाणी शिंपडून उचलायचा, अन् मग वरून पुडी टाकायचा. ‘झेल’ म्हणायचा. माय पदर पसरून झेलायची. चहा पाहिजे असला तर आमच्यासाठी दांडी तुटलेला कप बाहेर कुडात खोचलेला. आपणच घ्यायचा, आपणच विसळायचा, आपणच परत खोचायचा.

एकदा पुडी हवेतच फुटली. गरम भजे चिखलात. मी खाली वाकलो. माय म्हणाली, “ऱ्हाऊ दे. उचलू नको.” आतून कुणीतरी हसलं. पैसे दिलेलं खाणं मायनं सोडलं ते मी तेव्हाच पाहिलं. खोटं कशाला बोलू, दोन भजे तोवर माझ्या चड्डीच्या खिशात गेले होते. वाटेनं मायच्या मागं मागं चालत मी ते मातीसकट खाल्ले.

आता थोडा विचार करू. हॉटेलात भजे, वडा, शेव, चिवडा हेच का असायचं? भाकरी, वरण, भात का नाही? त्याचं उत्तर सोवळ्याओवळ्यात आहे. पाण्यात शिजलेल्या अन्नाला विटाळ लवकर होतो, तुपातेलात तळलेल्याला तितका होत नाही, अशी यांची जुनी समजूत. प्रवासाला निघालेला सोवळा माणूस दुधात पीठ भिजवून दशम्या नेायचा, कारण पाणी नाही तर खरकटं नाही! उत्तरेत याच भेदाला कच्चं आणि पक्कं म्हणतात. म्हणजे तळण हीच जातीनं दिलेली सवलत. एकाच्या हातचं दुसऱ्यानं बाजारात उभ्या उभ्या खावं, एवढी वाट या कढईनं काढून दिली. बाजाराच्या गावी वेगवेगळ्या जातीची माणसं एका घाण्याचे भजे खाऊ लागली. पण ती वाट आमच्याजवळ येऊन संपली. तेलानं सगळ्यांचा विटाळ फिटला, आमचा तेवढा फिटेना.

आणि कढईत पडणारी मिरची कुठली? आलुबोंड्यातला बटाटा कुठला? दोन्ही अमेरिकेतले, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेले. त्यांना कुणी जात विचारली नाही.

आमच्या तळणाकडं कोणत्या नजरेनं पाहिलं जायचं ते बाबासाहेबांनी 1936 च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहून ठेवलं आहे. जयपूर संस्थानातलं चकवारा गाव. यात्रेहून आलेल्या एका अस्पृश्यानं भाईबंदांना जेवण दिलं आणि पानात तूप वाढलं. शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्न नासवलं, माणसं बडवली. गुन्हा काय, तर तूप.

मग राज्यघटना आली. 15 व्या कलमात दुकान आणि हॉटेल नाव घेऊन लिहिलं गेलं. 1955 ला अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलात यायला अडवणं तर गुन्हा ठरलंच, हॉटेलातली भांडी वापरू न देणंही गुन्हा ठरलं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. 1976 ला कायद्याचं नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झालं आणि शिक्षा कडक झाली. आमच्याकडच्या हॉटेलवाल्यानं काय करावं? बाकीच्यांना बशी, आमचा माणूस दिसला की “कागदात घ्या, कागदात.” गोड आवाजात! कागदाला विटाळ नाही, धुवायचं काम नाही, आणि फौजदाराला तुटका कपही सापडत नाही. भज्याची पुडी ही अशी कायद्याच्या बगलेतून निघालेली पळवाट होती. आता छापील कागदात खाणं बांधायला 2018 च्या नियमानं बंदी आहे, शाई पोटात जाते म्हणून. आमच्या पिढीच्या पोटात किती वर्तमानपत्रं गेली असतील!

इंग्लंडातही मासा आणि बटाट्याचे काप तळून वर्तमानपत्रात बांधून द्यायचे. गिरणीकामगारांचं खाणं. तळलेला मासा तिथं नेला तो स्पेन-पोर्तुगालातून हाकललेल्या ज्यू लोकांनी. पुढं तेच इंग्रजांचं राष्ट्रीय खाणं ठरलं, दुसऱ्या महायुद्धात बाकी बऱ्याच खाण्यावर रेशन आलं तरी यावर आलं नाही. म्हणजे तिथं हाकललेल्यांच्या कढईतलं लोकांनी खाल्लं. आपल्याकडं? आमच्या माणसानं कढई चढवली तर कोण खाणार?

माझ्या चुलत्यानं चढवली. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. गावात जमणं शक्यच नव्हतं, म्हणून पूर्णा स्टेशनाबाहेर गाडा लावला. पूर्णा तेव्हा मीटरगेजचं मोठं जंक्शन. मनमाडची गाडी, अकोल्याची गाडी, उतरलेली माणसं भुकेली. घाईतला प्रवासी भजे तळणाऱ्याला जात विचारत नाही. आबांनी गाड्याला पाटी लावली नाही, नाव लावलं नाही. ओवा, हळद, उभा चिरलेला कांदा, करडीचं तेल. धंदा चांगला चालला.

27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना मारलं. त्याच ऑगस्टात आबांनी गाड्यावर बाबासाहेबांचा फोटो लावला. घरच्यांनी हात जोडले, लेकरंबाळं आहेत म्हणाले. ऐकलं नाही. महिनाभरात निम्मं गिऱ्हाईक तुटलं. आबा म्हणायचे, “कढई तीच, तेल तेच, हात तोच. फोटो लावला की चव बदलली व्हय?” रेल्वेतल्या आमच्या खलाशांनी, गँगमननी तो गाडा जगवला. उधारी ठेवून का होईना, पण जगवला. याला मी चळवळ म्हणतो. मोर्चात नसलेल्यांची.

14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. त्या संध्याकाळी आबांनी फुकट घाणे काढले. शाळेतून बाकडी मागून आणली, स्टीलच्या ताटल्या भाड्यानं आणल्या. पोरं सवयीनं कागद मागू लागली, तर आबा झारा उगारून ओरडले, “आज पुडी न्हाई मिळणार! बसा अन् खा!” मायला मीच घेऊन गेलो होतो. ती बाकड्यावर बसली, मांडीवर ताटली घेऊन बराच वेळ नुसती बघत राहिली. मग खाल्ले. आणि आबांची पाठ वळल्यावर दोन भजे पदराच्या टोकाला बांधलेच. नातवाला, म्हणाली.