रंगछटेची समोरील काच

रंगछटेची समोरील काच ही मोटारीत येणारे ऊन व प्रखर प्रकाश सौम्य करणारी सुरक्षा काच आहे. अमेरिकेतील ब्युइक मोटारींमध्ये ती १९५० पासून मिळू लागली.

रचना
काचेच्या दोन थरांमध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरल या प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. काच फुटल्यास तुकडे त्यालाच चिकटून राहतात. काचेतील लोह ऑक्साइडमुळे फिकट हिरवी छटा येते, तर वरच्या कडेचा गडद पट्टा मधल्या थराच्या रंगाने तयार होतो.

अस्सल पुनर्निर्मिती
जुन्या मोटारीसाठी नवी काच बनवताना वक्रता, छटा, पट्ट्याची रुंदी व कोपऱ्यातील उत्पादकाचे चिन्ह मूळ काचेशी जुळवतात. साध्या काचेवर रंगीत फिल्म चिकटवणे म्हणजे अशी पुनर्निर्मिती नव्हे.

भारतातील नियम
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार समोरील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जाणे आवश्यक आहे. त्यामुळे छटा मूळची असली तरी ही मर्यादा पाळावी लागते. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी सुरू झाली. मुंबईत कुर्ला येथे १९६० च्या दशकात तयार झालेली फियाट ११०० ही मोटार या वयोमर्यादेत बसते.