लहान राशीचा मान

भूमितीच्या मराठी परिभाषेत 'हायपरबोला' या वक्राला 'अपास्त' म्हणतात. ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'पलीकडे फेकणे'. त्याच शब्दातून इंग्रजीतील अतिशयोक्ती अलंकाराचे नाव निघाले. संस्कृतातून आलेल्या 'अपास्त'चा अर्थ मात्र 'दूर सारलेले, टाकून दिलेले' असा आहे. या वक्रावर आधारलेली अपास्तीय फलने अठराव्या शतकात, १७५७ साली रिकाती आणि पुढे लँबर्ट, यांनी मांडली. त्यांच्या उलट दिशेने जाणारी ती व्यस्त अपास्तीय फलने. साहित्याच्या अभ्यासकाला यांच्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. पण या फलनांचा इतिहास शेवटी काय जपावे आणि काय टाकावे या प्रश्नाचा इतिहास आहे, आणि तो प्रश्न आपल्या परिचयाचा आहे.

सुरुवात यवतमाळपासूनच करू. शहराचा अक्षांश सुमारे २० अंश २४ कला. भ्रमणध्वनीवरील नकाशात विषुववृत्तापासून किती वर यवतमाळचा ठिपका पडावा, हे बहुधा एका व्यस्त अपास्तीय फलनाने ठरते. अक्षांशाचा स्पर्शक (टॅन्जंट) घ्यावा आणि त्याचे व्यस्त अपास्तीय साइन काढावे. कोनाच्या नैसर्गिक एककात यवतमाळचा अक्षांश ०.३५६ आहे, फलनातून तो ०.३६४ होऊन बाहेर येतो. हा ताण मर्केटरच्या १५६९च्या नकाशाचा वारसा होय. ध्रुवांकडे जाताना प्रदेश फुगतात ते याच ताणामुळे. तीही एक अतिशयोक्तीच, पण नियमबद्ध.

मर्केटरला स्वतःला हे सूत्र ठाऊक नव्हते. एडवर्ड राइटने १५९९ साली छेदकांच्या (सीकंट) लहान लहान बेरजा करीत त्याचे कोष्टक रचले. १६४५च्या सुमारास हेन्री बाँड या शिक्षकाच्या ध्यानात आले की राइटचे आकडे स्पर्शकांच्या लॉगरिथमच्या कोष्टकाशी जुळतात. सिद्धता नव्हती, दोन कोष्टके शेजारी ठेवून वाचणाऱ्या डोळ्यांचा तो शोध होता. सिद्धता जेम्स ग्रेगरीने १६६८ साली दिली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. विल्यम लँबटनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला. हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी यवतमाळच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्याची कबर तिथेच आहे. काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. १८३० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात १८ अंश ३ कलांपासून २४ अंश ७ कलांपर्यंतच्या कंसाचे मापन आहे. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे सारे अक्षांश या दोन टोकांच्या आत येतात, आणि पुसद-दिग्रसचा परिसर जवळजवळ त्याच रेखांशावर आहे.

या मापनातली एक बारीक गोष्ट आपल्या विषयाच्या मुळाशी नेते. वक्र पृथ्वीवरील त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित अधिक भरते. सुमारे २०० चौरस किलोमीटरला एक विकला, इतकीच ती वाढ. चाळीस किलोमीटर बाजूंच्या समभुज त्रिकोणात ती साडेतीन विकला होते. मोजलेल्या कोनांची बेरीज करून तीतून १८० अंश वजा केले तर ही वाढ मोजणीच्या चुकांत मिसळून जाते. म्हणून गणक ती त्रिकोणाच्या क्षेत्रफळावरून स्वतंत्रपणे काढीत. मग लजांद्रच्या १७८७च्या सिद्धांतानुसार प्रत्येक कोनातून तिचा तिसरा हिस्सा वजा करीत. लहान राशी मोठीत बुडवून पुन्हा उपसायची नाही, हा त्यातला दंडक. या खात्यात हिशेब करणाऱ्या माणसांनाच 'कंप्यूटर' म्हणत. १८३१ साली रुजू झालेले राधानाथ सिकदार हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध.

माणसाची जागा यंत्राने घेतली आणि हा दंडक नव्याने शिकावा लागला. व्यस्त अपास्तीय साइनचे पुस्तकी सूत्र असे: संख्येचा वर्ग करा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा, त्यात मूळ संख्या मिळवा आणि या बेरजेचा नैसर्गिक लॉगरिथम घ्या. सूत्र निर्दोष आहे. पण यंत्र नेहमीच्या पद्धतीत पंधरा-सोळा सार्थ अंकच सांभाळते. संख्या एकाचा दहा कोटीवा भाग असेल तर तिचा वर्ग १ मध्ये मिळवताच नाहीसा होतो. पुढे ती संख्या स्वतः १ मध्ये मिळवली की तिचेही निम्मे अंक गळतात आणि उत्तराचे जेमतेम आठ अंक खरे उरतात. संख्या आणखी लहान असेल तर उत्तर चक्क शून्य. उलट बाजूला उणे शंभर कोटी घ्या. वर्गमूळ आणि संख्या परस्परांना पूर्ण खातात, शून्याचा लॉगरिथम घेतला जातो आणि उणे २१.४च्या जागी उणे अनंत येते. पहिल्या प्रकारात तर यंत्र चुकीची वर्दीही देत नाही. आकडे अक्षरशः अपास्त होतात.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९३ साली खुल्या केलेल्या गणिती संग्रहात यावर जो तोडगा आहे, तो वाचण्यासारखा आहे. चिन्ह आधी बाजूला काढून ठेवायचे. संख्या अतिसूक्ष्म असेल तर तीच उत्तर म्हणून परत द्यायची. अतिप्रचंड असेल तर वर्ग टाळून तिच्या लॉगरिथममध्ये दोनचा लॉगरिथम मिळवायचा. लहान संख्यांसाठी सूत्राची मांडणी बदलायची आणि 'एक अधिक इतके' याचा लॉगरिथम काढणारे असे फलन वापरायचे, की ज्याला फक्त 'इतके' सांगावे लागते. एक गृहीतच असतो. १९९९च्या सी भाषेच्या प्रमाणात ही दोन्ही फलने समाविष्ट झाली. त्रिकोणाची वाढ १८० अंशांपासून वेगळी ठेवणाऱ्या गणकांचाच हा मार्ग.

पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे. एव्हरेस्टच्या १८३०च्या मानानुसार हे चपटेपण सुमारे ३०१ भागांत एक. ते हिशेबात घेणाऱ्या मर्केटर नकाशात आणखी एक पद वजा करावे लागते, तेही व्यस्त अपास्तीय फलनाचेच. यवतमाळपाशी त्याचे मूल्य सुमारे ०.००२३ आहे. दिसायला क्षुल्लक, पण विषुववृत्ताच्या प्रमाणावर ते जवळपास पंधरा किलोमीटर भरते.

'लीळाचरित्रा'चे पाठभेद शिकवताना एखाद्या मात्रेसाठी तासभर घालवला की विद्यार्थी विचारतात, एवढ्याने काय बिघडते? वरील इतिहास हे त्याचे एक उत्तर आहे. सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकू शकते, कारण मोठ्याच्या शेजारी लहान कसे ठेवावे हे सूत्र सांगत नाही. ते हिशेब करणाऱ्याला ठरवावे लागते. पोथीची नक्कल करणाऱ्याला आणि ती वाचणाऱ्यालाही.